दुकान आपले, साधने भाड्याची

छोट्या व्यवसायांची इंटरनेटवरील जाहिरात आणि त्यासाठी निवडायची साधने यांविषयी आलेल्या पत्रांपैकी सात पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे गाळली आहेत, पण गाव आणि व्यवसाय यांचा उल्लेख ठेवला आहे, कारण उत्तर बरेचसे त्यांवरच अवलंबून असते.

प्रश्न : मी आणि माझी पत्नी गुहागर तालुक्यात कोकम आगळ, आंब्याची व फणसाची साठे आणि कुळीथ पीठ तयार करून विकतो. मुंबई-पुण्याकडील तीनशेच्या आसपास गिऱ्हाइके ओळखीतून जोडली गेली आहेत. एका जाहिरात संस्थेने संकेतस्थळ, समाजमाध्यमांवर रोज एक पोस्ट आणि ‘गूगलच्या पहिल्या पानावर हमखास स्थान’ असा वर्षाला ६०,००० रुपयांचा प्रस्ताव दिला आहे. तो स्वीकारावा का?

उत्तर : आज स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिल्या पानाची हमी कोणालाही देता येत नाही. शोधनिकालातील पहिल्या क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही, असे गूगलनेच आपल्या मार्गदर्शनात लिहून ठेवले आहे. जो माणूस पहिल्याच भेटीत अशी हमी देतो, त्याच्या बाकीच्या आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा, हे आपणच ठरवावे.

पण हमी बाजूला ठेवली, तरी हिशेब जमत नाही. तीनशे गिऱ्हाइकांवर ६०,००० रुपये म्हणजे प्रत्येकामागे वर्षाला २०० रुपये. एका घराकडून वर्षभरात आपल्या हाती निव्वळ किती पैसे उरतात, हे आधी काढा. तो आकडा चारशे असेल, तर निम्मी कमाई जाहिरातीला गेली. शिवाय आपल्या मालाची घडी हंगामाशी बांधलेली आहे. कोकम, आंबा आणि फणस यांचे काम एप्रिल-मे महिन्यांत उरकावे लागते, आणि किती फळ घ्यायचे हा निर्णय त्याआधी घ्यावा लागतो. म्हणजे अनोळखी माणसे शोधण्यापेक्षा जुन्या तीनशे घरांना मार्च महिन्यात वेळेवर विचारणे आणि त्यांची मागणी आगाऊ नोंदवून घेणे, हे आपले खरे काम आहे. कोणी काय घेतले, केव्हा घेतले आणि पुन्हा घेतले का, याची साधी वही किंवा संगणकावरील तक्ता आपल्याजवळ आहे का? नसेल, तर ६०,००० रुपयांआधी तो तयार करा. त्यासाठी चार संध्याकाळी पुरतील.

त्यानंतर व्यवसायासाठी वेगळे सिमकार्ड घेऊन त्यावर व्हॉट्सअॅप बिझनेस सुरू करावे. हे अॅप २०१८ पासून आपल्याकडे विनामूल्य उपलब्ध आहे. त्यात मालाची यादी छायाचित्रांसह लावता येते, गिऱ्हाइकांवर ‘आगाऊ मागणी’, ‘पैसे बाकी’, ‘माल रवाना’ अशी लेबले लावता येतात आणि नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे तयार ठेवता येतात. छायाचित्र ओसरीवर सकाळच्या उजेडात काढावे. आगळाचा रंग दिव्याखाली काळपट येतो, आणि मग तो जुना माल आहे का, अशी शंका माणसाला येते.

गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगलच्या शोधात आणि नकाशावर दिसणारी दुकानाची नोंद, हीदेखील विनामूल्य आहे, पण त्याचा नियम नीट समजून घ्यावा. जिथे गिऱ्हाईक प्रत्यक्ष येते किंवा जो व्यावसायिक स्वतः गिऱ्हाइकापर्यंत जातो, अशांसाठीच ते आहे. आपण सारा माल कुरिअरनेच पाठवत असाल, तर ते आपल्यासाठी नाही. गुहागरला येणारे पर्यटक आपल्या घरी येऊन खरेदी करत असतील, तर मात्र ते अवश्य करावे.

संकेतस्थळाला माझा विरोध नाही. उलट, एक लहानसे संकेतस्थळ आपल्याकडे असावेच. फक्त ते आपल्या मालकीचे असावे. आधी डोमेन, म्हणजे इंटरनेटवरील पत्त्याचे नाव, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर नोंदवावे. ते ‘.इन’ असेल तरी चालेल. २०१४ पासून ‘.भारत’ या शेपटीसह देवनागरीतही पत्ता घेता येतो. पहिल्या वर्षाचा दर पाहून भुलू नये, दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाला किती पडतात ते विचारावे. माझ्या परिचयातील एका मसालेवाल्या बाईंचे डोमेन संकेतस्थळ करून देणाऱ्या तरुणाने स्वतःच्या खात्यावर नोंदवले होते. तो नोकरीनिमित्त परगावी गेला, नूतनीकरण राहिले, आणि पाच वर्षे पिशव्यांवर छापलेला पत्ता एके दिवशी दुसऱ्याच कोणाच्या हाती गेला. त्या पिशव्यांचा गठ्ठा मी त्यांच्या माळ्यावर पाहिला आहे, आणि तेव्हापासून मला कोणी संकेतस्थळाविषयी विचारले की डोमेन कोणाच्या नावावर आहे, हाच माझा पहिला प्रश्न असतो.

हा आग्रह धरण्याचे कारण आपल्या डोळ्यांसमोर घडलेले आहे. गूगल बिझनेस प्रोफाइलमधून फुकट तयार होणारी संकेतस्थळे मार्च २०२४ मध्ये बंद करण्यात आली. २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा त्यावर जमवलेला प्रेक्षक एका रात्रीत नाहीसा झाला. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप एकाच वेळी सुमारे सहा तास ठप्प झाले, तेव्हा घटस्थापना अवघ्या तीन दिवसांवर होती. ही साधने वापरू नयेत असे मी म्हणत नाही. ती भाड्याची आहेत, हे लक्षात ठेवून वापरावीत. गिऱ्हाइकांची यादी, डोमेन आणि मूळ छायाचित्रे या तीन गोष्टी आपल्या कपाटात असल्या, की भाड्याची जागा सोडावी लागली तरी दुसरीकडे दुकान मांडता येते.

एक कायदेशीर बाजूही आहे. खाद्यपदार्थांच्या पाकिटावर एफएसएसएआयचा (केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) चौदा अंकी क्रमांक, निव्वळ वजन, कमाल किंमत, उत्पादनाची तारीख आणि उत्पादकाचा पत्ता हवा, आणि इंटरनेटवर विकताना यांतील बहुतेक तपशील तिथेही दिसले पाहिजेत. जीएसटीची नोंदणी मालाच्या विक्रीसाठी एरवी ४० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही. पण करपात्र माल महाराष्ट्राबाहेर विकू लागताच ही सवलत सामान्यतः राहत नाही. संकेतस्थळ झाले की बेळगाव आणि बंगळूरूहूनही मागणी येईल, म्हणून पहिले पार्सल पाठवण्याआधी आपल्या कर सल्लागारांशी बोलून घ्या.

प्रश्न : सोलापुरात आमचे चादरी आणि टॉवेलचे घाऊक दुकान आहे. बिले आणि मालसाठा यांसाठी संगणकावर बसवलेले जुने सॉफ्टवेअर ठेवावे, की दरवर्षी पैसे भरून इंटरनेटवर चालणारे नवे घ्यावे? मुलगा नव्याच्या बाजूने आहे आणि आमचे मुनीमजी जुन्याच्या.

उत्तर : दोघांचेही म्हणणे ऐकण्यासारखे आहे. बिले एकाच गल्ल्यावरून निघत असतील, तर संगणकावरील सॉफ्टवेअर पुरेसे असते आणि वीज-इंटरनेट गेले तरी फारसे अडत नाही. परंतु गोदाम एकीकडे, दुकान दुसरीकडे आणि मुलगा वसुलीसाठी तिसऱ्याच गावी असेल, तर शिल्लक माल सर्वांना एकाच वेळी दिसणे हा मोठा लाभ आहे, आणि तो इंटरनेटवरील सॉफ्टवेअरच देऊ शकते. म्हणून दोघांनी मिळून आधी आठवडाभर एका कागदावर लिहावे : ‘माल शिल्लक आहे का’ हे विचारण्यासाठी दिवसातून किती फोन झाले? फोन दोन-तीनच असतील, तर मुनीमजींचे ऐकावे.

नवे घ्यायचे ठरलेच, तर विकणाऱ्याने दाखवलेल्या सोयींवर जाऊ नये. त्यातून बाहेर कसे पडायचे ते आधी पाहावे. चाचणीच्या मुदतीत दहा खरी बिले भरा, दोन माल परतीच्या नोंदी करा, आणि मग सगळी माहिती एक्सेलच्या फाइलमध्ये उतरवून दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. गिऱ्हाइकाचे नाव, जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक, दर आणि कर हे सारे वेगवेगळ्या रकान्यांत आले, तर ठीक. नुसती पीडीएफ हाती पडत असेल, तर ते सॉफ्टवेअर कितीही स्वस्त असले तरी नको, कारण जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे संबंधित वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. सहा वर्षांत कंपनी बंद पडू शकते, दुसऱ्या कंपनीत विलीन होऊ शकते किंवा दर तिप्पट करू शकते. कागदपत्रे सादर करण्याची जबाबदारी मात्र आपलीच राहते.

मदतीचा क्रमांक खरेच उचलला जातो का, हे संध्याकाळी सहा वाजता, दुकानात गर्दी असतानाच फोन लावून पाहा. मुनीमजींना मराठीत उत्तर मिळते का, तेही पाहा, कारण रोजचे काम त्यांनाच करायचे आहे. नवीन व्यवस्था १ एप्रिलपासून सुरू करावी. त्या दिवशी बिलांची मालिका नव्याने सुरू होत असल्याने घोटाळा टळतो. पहिला महिना दोन्हीकडे नोंदी ठेवाव्यात. हे काम कंटाळवाणे आहे, पण मुनीमजींचा विश्वास त्यानेच बसेल.

प्रश्न : चिंचवडला मी डबे पुरवते आणि दिवाळीत फराळ करते. यंदा फराळाचा दरतक्ता आसपासच्या सोसायट्यांच्या ग्रुपवरून घेतलेल्या अकराशे क्रमांकांवर एका सॉफ्टवेअरच्या मदतीने पाठवला आणि दुसऱ्याच दिवशी माझा व्हॉट्सअॅप क्रमांक बंद झाला. रोजच्या डब्याची गिऱ्हाइकेही त्याच क्रमांकावर होती. आता काय करावे?

उत्तर : ऐन दिवाळीच्या तोंडावर असे होणे किती क्लेशदायक असते, याची मला जाणीव आहे. अॅपमध्येच ‘फेरतपासणीची विनंती’ करण्याची सोय असते, ती लगेच करावी. कधी कधी क्रमांक परत मिळतो. तोवर डब्याच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांना फोन करून दुसरा क्रमांक कळवा. त्यांची यादी त्या एका फोनखेरीज कुठेच नसेल, तर ती आजच कागदावर उतरवा.

चूक कुठे झाली, हेही सांगितले पाहिजे. ज्यांनी आपल्याला क्रमांक दिलाच नव्हता, त्यांना तो संदेश गेला. त्यांतील काहींनी ‘ब्लॉक’ किंवा ‘तक्रार करा’ हे बटण दाबले असणार, आणि अनधिकृत सॉफ्टवेअरचा वापर हेही क्रमांक बंद होण्याचे ठरलेले कारण आहे. ग्रुपवर क्रमांक दिसतो म्हणजे तो वापरायची परवानगी मिळाली, असे होत नाही. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याचा गाभाही संमती हाच आहे.

अॅपमधील ब्रॉडकास्ट यादीत, म्हणजे एकच संदेश अनेकांना स्वतंत्रपणे पाठवण्याच्या यादीत, २५६ जण बसतात आणि ज्याने आपला क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये जतन केला आहे, त्यालाच संदेश पोहोचतो. अनेकांना ही अट जाचक वाटते. मला ती उपकारक वाटते, कारण क्रमांक जतन करणारा माणूस आपले जेवण आवडलेला माणूस असतो. म्हणून डब्यासोबत महिन्यातून एकदा पोस्टकार्डाच्या आकाराची चिठ्ठी पाठवा : ‘दर रविवारी आठवड्याचा मेनू हवा असल्यास हा क्रमांक जतन करून “हो” असे कळवा, नको झाल्यास “थांबवा” असे लिहा.’ अशी दीडशे घरे मिळाली, तर त्या अकराशे क्रमांकांपेक्षा अधिक फराळ खपेल, याबद्दल मला शंका नाही. ‘थांबवा’ लिहिणाऱ्याचे नाव त्याच दिवशी काढावे, मग तो कितीही जुना असो.

व्हॉट्सअॅपची मोठ्या व्यवसायांसाठीची अधिकृत व्यवस्था वेगळी आहे. तिथे जाहिरातीच्या संदेशाचा नमुना आधी मंजूर करून घ्यावा लागतो आणि जुलै २०२५ पासून प्रत्येक संदेशामागे आकारणी होते. गिऱ्हाइकाने आपण होऊन विचारले, तर पुढील चोवीस तास मोकळेपणाने उत्तर देता येते. आपल्या व्यवसायाला सध्या तिची गरज नाही. घाऊक एसएमएसचा मोहही टाळावा. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, २०१८ च्या नियमांनुसार त्यासाठी पाठवणाऱ्याचे नाव आणि मजकूर या दोन्हींची नोंदणी करावी लागते, आणि पन्नास-शंभर डब्यांसाठी तो खटाटोप परवडत नाही.

प्रश्न : कोल्हापुरात आमचे चपलांचे दुकान आहे. गूगलवर दोन गिऱ्हाइकांनी एक तारा देऊन नाराजी लिहिली आहे. एक जण ‘शंभर पाच-तारांकित अभिप्राय’ विकत देतो म्हणतो. घ्यावेत का? शिवाय आमचे प्रोफाइल ज्याने तयार केले, त्याच्याच खात्यावर ते अजून आहे.

उत्तर : घेऊ नयेत. विकतचे अभिप्राय गूगलच्या नियमांविरुद्ध आहेत आणि उघडकीस आले तर खरे अभिप्रायही संशयाच्या भोवऱ्यात सापडतात. भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक जाहीर केले, तेही याच रोगामुळे. पण मला त्याहून मोठे कारण हे वाटते, की कोल्हापुरी चप्पल घेणारा माणूस अभिप्राय वाचताना काहीतरी नेमके शोधत असतो : चप्पल पहिले आठ दिवस चावते का, पावसात चालते का, तळ शिवलेला आहे की चिकटवलेला. ‘उत्तम सेवा, छान माल’ असे शंभर वेळा लिहिलेले वाचून त्याला यांतले काहीही कळत नाही.

नाराजीच्या अभिप्रायाखाली दुकानाच्या नावाने तीन-चार वाक्यांत शांतपणे उत्तर द्यावे : काय घडले, आपण काय करू शकतो, कधी यावे. ते उत्तर त्या एका माणसापुरते नसते. पुढे येणारे सारे ते वाचतात. अभिप्राय केवळ प्रतिकूल आहे म्हणून गूगल काढत नाही. खोटा, शिवीगाळ करणारा किंवा दुसऱ्याच दुकानाविषयीचा असेल, तर तक्रार करता येते.

प्रोफाइलची मालकी मात्र याच आठवड्यात आपल्या ईमेलवर घ्या. त्या व्यक्तीने आपल्याला ‘प्रमुख मालक’ करावे आणि स्वतः ‘व्यवस्थापक’ म्हणून राहावे. ती टाळाटाळ करत असेल, तर गूगलकडे मालकीची मागणी नोंदवता येते आणि ठरलेल्या मुदतीत उत्तर आले नाही, तर पुढील पडताळणी करून ताबा मिळवता येतो.

प्रश्न : आम्ही येवल्याचे पैठणी विणकर. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरच्या पोस्ट ‘बूस्ट’ करण्यासाठी दोन महिन्यांत ६,००० रुपये खर्च केले. हजारो लोकांनी पाहिले, शेकडोंनी हृदयाची चिन्हे दिली, विक्री एकाही साडीची झाली नाही. पैसे वाया गेले का?

उत्तर : पैसे गेले, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ते ७,०८० रुपये होतात, पण त्यातून जे कळले, ते उपयोगी आहे. ‘बूस्ट’ करताना, म्हणजे पैसे देऊन पोस्ट अधिक लोकांना दाखवताना, आपण जे उद्दिष्ट निवडतो, तेच ती यंत्रणा शोधून आणते. प्रतिसाद वाढवायचा असे निवडले, तर चित्रांना हृदय देण्याची सवय असलेली माणसे ती आणून देते. त्यांना साडी घ्यायची आहे की नाही, याच्याशी तिला कर्तव्य नसते. पुढच्या वेळी उद्दिष्ट ‘संदेश येणे’ असे ठेवा, वय आणि शहरे मोजकी निवडा आणि दिवसाला थोडीच रक्कम लावा.

मात्र त्याआधी जाहिरातीत काय दाखवले, ते तपासा. मोर-पोपटांचा पदर सुंदर प्रकाशात दाखवणारी चित्रे यंत्रमागावरील साडीवालेही देतात, आणि किंमत आपल्यापेक्षा किती तरी कमी सांगतात. फोनच्या पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसतात. मग पाहणाऱ्याने आपल्या साडीसाठी अनेक पट पैसे का द्यावेत, याचे उत्तर जाहिरातीत असायला हवे. ते उत्तर आपल्याजवळ आहे आणि ते पदराच्या उलट बाजूला आहे. हातमागावरच्या खऱ्या पैठणीत नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी असते, मागे लोंबणारे किंवा कापलेले धागे नसतात. पदर उलटून दाखवणारे अर्ध्या मिनिटाचे चित्रण करा. मागावर एका दिवसात पदर किती बोटे पुढे सरकतो, ते पट्टी लावून दाखवा. विणणाऱ्या हातांचा आवाजही येऊ द्या, त्यावर गाणे लावू नका. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे. आपण त्याचे अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंदलेले असाल, तर तो क्रमांक दाखवा, आणि शुद्ध रेशमाची खूण असलेली सिल्क मार्कची पट्टी असेल तर तीही. नसेल, तर ६,००० रुपये पुन्हा जाहिरातीत घालण्याआधी ही नोंदणी करून घेणे मी अधिक योग्य मानेन.

अशी साडी पडद्यावरचे बटण दाबून घेतली जात नाही. आई, मावशी, सासूबाई आणि होणारी नवरी मिळून ती निवडतात. म्हणून जाहिरातीचा शेवट ‘आता खरेदी करा’ असा न करता ‘व्हिडिओ कॉलवर साड्या पाहण्यासाठी वेळ ठरवा’ असा करावा. आठवड्यातून दोन दुपारी त्यासाठी राखून ठेवा. मग हिशेबही सोपा होतो : किती कॉल झाले, त्यांतून किती साड्या गेल्या. एका साडीमागे आपल्याला मजुरीखेरीज समजा ३,००० रुपये उरत असतील, तर ७,०८० रुपयांच्या जाहिरातीतून तीन साड्या गेल्याशिवाय खर्च भरून निघत नाही. प्रत्येक विक्रीच्या वेळी ‘आमच्याविषयी कुठे कळले?’ हा प्रश्न विचारून उत्तर वहीत लिहावे. महागड्या विश्लेषण साधनांपेक्षा तीन महिन्यांची ती वही आपल्याला अधिक सांगेल. लग्नसराईतील आकडे पावसाळ्याच्या आकड्यांशी ताडू नयेत, एवढे पथ्य पाळावे.

प्रश्न : तारकर्लीजवळ आमचे चार खोल्यांचे घरगुती निवासस्थान आहे. पाहुणे कार्डाने पैसे देऊ का विचारतात. पेमेंट गेटवे घ्यावा का? मध्यंतरी एकाने स्वतःला लष्करी अधिकारी म्हणवून, आगाऊ रक्कम पाठवण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करायला सांगितले होते.

उत्तर : तो फोन फसवणुकीचाच होता. पैसे स्वीकारण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआयचा पिन टाकावा लागत नाही. दोन्ही कृती पैसे देण्यासाठीच असतात. कोणी फसले असेल, तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर कळवावे. घरात फोन उचलणाऱ्या प्रत्येकाला, विशेषतः वयस्कर मंडळींना, हे एवढे वाक्य पाठ असू द्या.

चार खोल्यांसाठी बहुतेक व्यवहार यूपीआयवर भागतात, आणि जानेवारी २०२० पासून यूपीआयवर व्यापाऱ्याकडून घेतले जाणारे एमडीआर शुल्क शून्य आहे. कार्डासाठी गेटवे, म्हणजे पाहुण्याचे ऑनलाइन पैसे स्वीकारून आपल्या खात्यावर जमा करणाऱ्या कंपन्या, सामान्यतः दोन टक्क्यांच्या आसपास शुल्क आणि त्या शुल्कावर जीएसटी घेतात, व रक्कम खात्यावर यायला एक-दोन दिवस लागतात. परदेशी किंवा कंपन्यांकडून येणारे पाहुणे बऱ्यापैकी असतील, तर घ्यावा, पण त्या कंपनीला रिझर्व्ह बँकेची मान्यता आहे का, हे बँकेने प्रसिद्ध केलेल्या यादीत पाहून. वार्षिक शुल्क मागणारा करार करण्याचे कारण नाही. जेवढा व्यवहार तेवढेच शुल्क, अशा योजना मिळतात. आरक्षण रद्द झाल्यास किती रक्कम परत मिळेल, हे मात्र पैसे घेण्याआधी लेखी कळवत चला.

प्रश्न : आम्ही इंदूरला तीन पिढ्या आहोत. मेतकूट, गोडा मसाला आणि थालीपिठाची भाजणी घरी करून विकतो. गिऱ्हाइके मराठी आहेत, पण मुले इंग्रजी माध्यमात शिकलेली. माहिती मराठीत लिहावी, हिंदीत की इंग्रजीत?

उत्तर : नाव मराठीत, समजावणे हिंदीत आणि शोधण्याची सोय रोमन लिपीत, असे करून पाहा. मेतकुटाला हिंदी पर्याय शोधू नका. ज्याला हवे आहे, तो ‘मेतकूट’ हाच शब्द घेऊन येतो. मात्र तो शब्द इंदूर-देवासची तरुण मुले बहुधा रोमन अक्षरांत लिहून शोधतात आणि प्रत्येकाचे स्पेलिंग निराळे असते. म्हणून प्रत्येक पदार्थाच्या पानावर देवनागरी नावाबरोबर रोमन लिपीतील दोन-तीन प्रचलित रूपेही सहज वाक्यात येऊ द्यावीत. शेजारच्या मारवाडी किंवा सिंधी घरातील माणसासाठी दोन ओळी हिंदीत लिहाव्यात : गरम भात, तूप आणि मेतकूट कसे कालवायचे, ते. इंदूरसारख्या खवय्यांच्या शहरात त्या दोन ओळींतून नवे गिऱ्हाईक मिळण्याची शक्यता मला फार वाटते.

एक तांत्रिक गोष्ट मात्र सांभाळावी. छपाईवाल्याकडून आलेला मजकूर पुष्कळदा जुन्या, युनिकोड (सर्व संगणकांवर अक्षरे सारखीच वाचली जाणारी प्रमाण पद्धत) नसलेल्या फाँटमध्ये असतो; तो संकेतस्थळावर टाकला की अक्षरांचा गोंधळ दिसतो. हा गोंधळ टाळण्यासाठी काही जण तो मजकूर चित्र करून लावतात. चित्रातली अक्षरे शोधयंत्रापर्यंत पोहोचतीलच, याची खात्री नसते, आणि दृष्टिहीन वाचकाच्या फोनलाही ती वाचून दाखवणे जड जाते. सगळा मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा टंकित करून घ्या. फोनवर बोलून लिहिण्याची सोय आता मराठीतही चांगली चालते, तेव्हा आजींनी सांगावे आणि नातवाने तपासावे. भाजणीत कोणती धान्ये किती भाजायची, हे त्या निमित्ताने घरातही लिहून राहील.